माफक किमतीची, मध्यम अंगाची सिगार: अर्ध्यावर कडू का होते आणि तिचा आस्वाद कसा घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताने वळलेल्या, माफक किमतीच्या, मध्यम अंगाच्या पाच सिगार घेतल्या. प्रत्येक ५ इंच लांब, ५० रिंग जाडीची. पहिली पेटवली तेव्हा सुरुवातीला भाजलेल्या बदामासारखी गोडसर चव लागली. अर्ध्यावर आल्यावर ती गरम झाली, कडू लागायला लागली, तोंड कोरडं पडलं आणि एका बाजूने भराभर जळत गेली. मग दोष कुणाचा, सिगारचा, किमतीचा की ओढणाऱ्याचा? आणि या किमतीत आस्वाद घेण्याजोगं खरंच काही मिळतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मिळतं, आणि भरपूर मिळतं. गेली वीसेक वर्षं सिगार साठवणं, चाखून निवडणं आणि नव्या माणसांना चाखायला शिकवणं हेच माझं काम आहे. एवढ्या काळात माझ्या हातात सगळ्यात जास्त वेळा आली ती याच जातीची सिगार. पहिल्या प्रश्नाबद्दल म्हणाल तर तुमच्या वर्णनावरून दोष मुख्यतः वेगाचा आणि थोडा ओलाव्याचा दिसतो. सुरुवातीला चांगली लागलेली आणि अर्ध्यावर बिघडलेली सिगार बहुतेक वेळा घाईने ओढलेली असते. तंबाखूच वाईट असती तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. हे जरा विस्ताराने सांगतो, कारण ‘हळू ओढा’ एवढं सांगितल्याने कुणाचा हात हळू होत नाही. आत काय घडतं ते कळलं की होतो.

सुरुवात ‘मध्यम अंग’ या शब्दापासून करू. बॉडी आणि स्ट्रेंग्थ हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटीनचा जोर. तो डोक्यात आणि पोटात जाणवतो. ज्या तंबाखूला आपण ‘कडक’ म्हणतो तो हा गुण. बॉडी, म्हणजेच अंग, हा धुराचा तोंडातला भरीवपणा. एक धूर पाण्यासारखा पातळ वाटतो, एक दुधासारखा, एक सायीसारखा. मध्यम अंगाची सिगार दुधाच्या जागी बसते. चव ही तिसरीच गोष्ट. अंगाने भरीव पण निकोटीनला सौम्य अशी सिगार असते, आणि पातळ धुराची पण डोकं गरगरवणारीही असते. रॅपरच्या, म्हणजे सिगारच्या बाहेरच्या पानाच्या, रंगावरून यातलं काहीच ठरत नाही. काळपट मादुरो रॅपर दिसला की लोक ती सिगार कडक आहे असं गृहीत धरतात. मादुरो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘पिकलेला’. ते पान जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत आंबवलेलं असतं. त्यामुळे ते काळं होतं आणि बहुधा गोडसरही लागतं.

मिश्रण करणाऱ्याची खरी कसोटी मध्यम सिगारमध्ये लागते, असं माझं मत आहे. जड, कडक सिगारमध्ये निकोटीनचा दणका इतका असतो की चवीतला पोकळपणा झाकला जातो. अगदी सौम्य सिगारमध्ये दोष असला तरी तो ऐकू येत नाही इतका बारीक असतो. मध्यम अंगात मात्र कच्चं राहिलेलं एखादं पानसुद्धा लगेच जिभेवर येतं, आणि चांगलं पानही तसंच येतं.

आता हे अंग येतं कुठून ते पाहू. तंबाखूच्या झाडाची पानं एकदम तोडत नाहीत. खालून वर, काही दिवसांच्या अंतराने थोडी थोडी खुडतात. तळाशी असतात ती वोलादो. ती पातळ आणि सौम्य, त्यांचं मुख्य काम नीट जळण्याचं. मधली सेको, सुगंधाची. शेंड्याकडची लिहेरो. त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं, म्हणून ती जाड, तेलकट, जोरदार आणि सावकाश जळणारी. लिहेरो नेहमी सिगारच्या मध्यभागी ठेवतात. ते कडेला गेलं तर सिगार त्या बाजूला मागे राहते आणि वाकडी जळते. मध्यम अंगाच्या सिगारमध्ये सहसा सेकोचा वाटा मोठा आणि लिहेरो बेताचं असतं. ही सगळी आतली पानं म्हणजे फिलर. त्यांना गुंडाळून धरणारं मजबूत पान म्हणजे बाइंडर आणि बाहेरचं देखणं, बारीक शिरांचं पान म्हणजे रॅपर.

पानं आधी वाळवण-कोठारात टांगतात आणि मग मोठाले ढीग रचून आंबवतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता वाढते. ती ठरावीक मर्यादेपर्यंत आली की ढीग मोडतात आणि आतली पानं बाहेर, बाहेरची आत अशी पुन्हा रचतात. या काळात पानातून अमोनिया निघून जातो आणि कच्चा तिखटपणा मरतो. एखादी सिगार पेटवल्याबरोबर नाकाला अमोनियासारखी झणझणली तर हे काम घाईत उरकलं असं समजा. तो दोष ओढणाऱ्याचा नाही, आणि तुमच्या सिगारमध्ये तो नव्हता.

मग किंमत कशामुळे कमी होते? ही यादी डोक्यात असली की खरेदी सोपी होते. सगळ्या पानांत रॅपर सर्वांत महाग, कारण ते छिद्र नसलेलं, एकसारख्या रंगाचं आणि लवचिक लागतं. रॅपरच्या रंगात थोडा फरक असलेल्या, शीर जरा जाड असलेल्या सिगार वेगळ्या काढून स्वस्तात विकतात. त्यांच्या चवीत काही बिघडलेलं असतंच असं नाही. पानं कमी वर्षं मुरवलेली असणं, हे दुसरं कारण. साधं खोकं किंवा कागदात बांधलेला गठ्ठा, हे तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात निरुपद्रवी. चौथं कारण मात्र जपून पाहावं. लांब पानांऐवजी आत तुकडे भरलेले असतात. अखंड पानांच्या भरणाला लाँग फिलर म्हणतात आणि तुकड्यांच्या भरणाला शॉर्ट फिलर. काही सिगारमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. तुकड्यांची सिगार भराभर आणि गरम जळते, राख पटकन गळते, जिभेवर कण येतात. प्रीमियम म्हणताना आपण हाताने वळलेली, लाँग फिलरची आणि अखंड पानाच्या रॅपरची सिगार धरतो. तुमच्या सिगारची राख इंचभर टिकत होती का, ते आठवून पाहा. टिकत असेल तर आत बहुधा लांब पानं आहेत.

परवडणाऱ्या किमतीत इतकी विविधता मिळते, त्यामागे एक इतिहास आहे. १९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली, १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी क्युबाशी व्यापारबंदी जाहीर केली. तंबाखू पिकवणारी आणि वळणारी कितीतरी कुटुंबं बियाणं आणि हातातलं कसब घेऊन बाहेर पडली. डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा, इक्वेडोर इथे त्यांनी पुन्हा सुरुवात केली. निकाराग्वातल्या एस्तेलीत १९६८ मध्ये सुरू झालेला होया दे निकाराग्वा हा कारखाना आजही चालू आहे. त्या एकाच देशातल्या खोऱ्यांची चव वेगळी ओळखता येते. एस्तेलीची काळी माती जोरदार पान देते, हालापाचं पान मऊ आणि गोडसर असतं, कोंदेगाचं दोन्हींच्या मधलं, आणि सरोवरातल्या ओमेतेपे या ज्वालामुखी बेटाचं पान मातकट, खनिजाच्या चवीकडे झुकणारं. एका देशात एवढे रंग असले की मिश्रण करणाऱ्याला मध्यम अंग साधणं सोपं जातं आणि पानं बाहेरून आणावी लागत नाहीत. किमतीवर याचा परिणाम होतोच. ‘सिगार अफिशिओनाडो’ या मासिकाने २०१२ च्या सर्वोत्तम सिगारचा मान एस्तेलीच्या फ्लोर दे लास अँटिलासला दिला, तेव्हा ती त्या यादीतल्या महागड्या सिगारांपैकी नव्हती आणि अंगाने मध्यमच होती. किमतीकडे पाहून चव आधीच ठरवून टाकणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

रॅपरबद्दल थोडंच सांगतो. मध्यम अंगाच्या सिगारवर साधारण चार-पाच प्रकार दिसतात. कनेक्टिकट शेड हे पान १९०० च्या सुमारापासून कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ते फिकट असतं, साय आणि वाळलेल्या गवताकडे झुकतं. इक्वेडोरमध्ये आकाशात ढग इतके असतात की मांडवाची गरज पडत नाही. तिथलं कनेक्टिकट आणि हबानो (मूळ क्युबन बियाण्याचं पान) ही दोन्ही पानं माफक किमतीत चांगली मिळतात. कॅमेरूनचं पान पातळ आणि नाजूक, त्यावर बारीक दाणे दिसतात आणि चवीला गोड मसाल्यासारखं. मेक्सिकोच्या सान आंद्रेसचं काळं पान कोको आणि ओल्या मातीकडे जातं. यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कॅमेरून. मात्र हाताळताना ते चटकन फाटतं.

रॅपरइतकाच आकारही चव ठरवतो आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. रिंग म्हणजे जाडी, इंचाच्या ६४ व्या भागात मोजलेली. ५० रिंग म्हणजे ५०/६४ इंच, जवळपास २० मिलिमीटर. ४२ रिंगची कोरोना, म्हणजे एक बारीक आकाराची सिगार, साधारण १६.७ मिलिमीटरची. फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण आडवा छेद घेतला तर ५० रिंगमध्ये ४२ पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त तंबाखू बसते. रॅपर मात्र दोन्हींवर एकाच पानाचा थर. म्हणून बारीक सिगारमध्ये रॅपरची चव पुढे येते आणि जाड सिगारमध्ये आतलं मिश्रण. बारीक सिगार लवकर तापते, म्हणून तिला सवयीचा, सावकाश हात लागतो. शिकणाऱ्यासाठी तुमची ५ बाय ५०, म्हणजे रोबुस्तो, योग्य आहे.

आता ओलावा. तुमच्या त्रासातला अर्धा वाटा इथे असू शकतो. सिगारचं पान हवेतली आर्द्रता शोषतं आणि सोडतं. विकणारे बरेचदा सिगार ७० टक्क्यांच्या वर ठेवतात, कारण ओलसर सिगार हाताला गुबगुबीत लागते आणि रॅपर तडकत नाही. ओढताना मात्र तो जास्तीचा ओलावा नडतो. निखारा मंदावतो, म्हणून माणूस जोरात आणि लवकर-लवकर ओढतो, निखाऱ्याचं तापमान वाढतं, पानातल्या पाण्याची वाफ धुराबरोबर तोंडात येते आणि चव आंबट-कडू होते. शिवाय ओलावा सगळीकडे सारखा नसला तर एक बाजू भराभर जळते आणि दुसरी मागे राहते. तुम्ही लिहिलंत तसंच.

मी स्वतः सिगार ६५ टक्क्यांवर, १८ ते २१ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतो. जाड, तेलकट रॅपरच्या सिगारला ६२-६३ सुद्धा चालतं. यासाठी महागडा ह्युमिडॉर, म्हणजे सिगार साठवण्याची खास पेटी, लागत नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारं, म्हणजे कमी झाली तर देणारं आणि वाढली तर शोषणारं, ६५ टक्क्यांचं पाकीट एवढं पुरतं. आत स्पॅनिश सीडरची फळी टाकली तर उत्तम. नावात सीडर असलं तरी हे झाड देवदार नव्हे. ते महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातलं आहे. त्याचा वास तंबाखूला शोभतो आणि ते लाकूड ओलावा सांभाळतं. आर्द्रतामापकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चिखल होईल एवढंच पाणी घाला आणि ते मापकाबरोबर घट्ट पिशवीत बारा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७१ दाखवत असेल तर तुमचा मापक चार टक्के कमी सांगतो आहे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

हे मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक अख्खं खोकं होतं आणि मी तीन महिने अभिमानाने त्याला ७२ टक्क्यांवर ठेवलं होतं. मापक प्रत्यक्षात पाच टक्के कमी दाखवत होता. त्यातली एकही सिगार धड जळली नाही, आणि मी ते मिश्रणच टाकाऊ म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. पुढे उरलेल्या चार सिगार कोरड्या डब्यात विसरल्या गेल्या, दोन महिन्यांनी हाती लागल्या, आणि त्यांच्यासारखी चव मला त्या वर्षी दुसरीकडे मिळाली नाही. त्या मिश्रणावर मी अन्याय केला होता, आणि त्याची रुखरुख आजही वाटते.

तापमानाबद्दल एकच सूचना. २४-२५ अंशांच्या वर गेलं की पानातली तंबाखू-किड्याची अंडी उबण्याचा धोका वाढतो. रॅपरवर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं तर सगळ्या सिगार घट्ट पिशवीत घालून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. एकदम गोठवलं किंवा एकदम बाहेर काढलं तर रॅपर फाटतो.

कापण्यात फार विद्या नाही. टोकाला चिकटवलेली जी टोपी असते तिचं फक्त वरचं दोन मिलिमीटर काढायचं. टोपीची खालची कड कापली गेली तर रॅपर उलगडायला लागतो. कटर धारदार हवा. कापल्यावर न पेटवता एक-दोन झुरके घ्या. इथे हवा सहज यावी, पण थोडासा प्रतिकार जाणवावा, आणि रॅपरची कच्ची चव कळावी. अजिबात हवा येत नसेल तर टोपी आणखी किंचित कापून पाहा. तरीही नाही आली तर आत गाठ आहे. तो वळणाऱ्याचा दोष, आणि अशा सिगारशी झगडून ती सुधारत नाही.

पेटवताना ज्योत सिगारला टेकवू नका. टोक ज्योतीच्या थोडं वर धरून फिरवत राहा. आधी कड काळवंडते, मग सगळीकडे निखाऱ्याचा पातळ थर येतो. त्यानंतर पहिला झुरका, तोही हलका. काडी वापरत असाल तर गंधक जळून जाईपर्यंत थांबा. एक मिनिट जास्त गेलं तरी हरकत नाही. इथे घाई करून टोक करपवलं तर ती करपट चव पहिला तिसरा हिस्सा खाऊन टाकते.

आणि आता वेग. माझं सगळं म्हणणं शेवटी इथेच येतं.

झुरका घेताना निखाऱ्याला हवा मिळते आणि तो तापतो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात तो निवतो. सिगारची जी चव आपल्याला हवी असते, बदाम, कोको, देवदार, मिरी, साय, ती निखाऱ्याच्या अगदी मागच्या, न जळलेल्या पण तापलेल्या पट्ट्यातून सुटते. तिथली सुगंधी तेलं उष्णतेने उडतात आणि धुराबरोबर येतात. निखारा फार तापला की हा पट्टा भाजण्याऐवजी करपतो. मग तेलं जळून जातात आणि उरतो तो कडू धूर. त्यातच धूर सिगारमधून मागे येताना निवतो आणि त्यातलं डांबरासारखं द्रव्य पुढच्या तंबाखूत साचत राहतं. म्हणून कुठलीही सिगार शेवटाकडे जोरदार होतेच. घाईने ओढलेल्या सिगारमध्ये हे साचणं वाढतं आणि अर्ध्यावरच शेवटासारखी चव येते. तुम्हाला आली ती हीच.

मिनिटाला एक झुरका हा ढोबळ अंदाज आहे. मध्यम अंगाच्या ५ बाय ५० ला मी त्याहूनही थोडा हळू असतो. अशी सिगार तासभर, कधी सव्वा तास पुरते. घड्याळ बघत बसू नका. त्यापेक्षा बोटांना विचारा. निखाऱ्यापासून दोन बोटं मागे सिगारला हलका स्पर्श करा. ती कोमट असेल तर ठीक. बोट मागे घ्यावंसं वाटलं तर खाली ठेवा आणि दोन मिनिटं तिच्याकडे बघूही नका. विझेल ही भीती सोडा. विझली तर राख झटका, टोक पुन्हा भाजा आणि पहिल्या झुरक्याआधी सिगारमधून हळूच बाहेर फुंका, म्हणजे आत अडकलेला शिळा धूर निघून जाईल. विझलेली सिगार पुन्हा पेटवता येते, करपलेलीचा करपटपणा मात्र जात नाही. अर्ध्यावर कडवट वाटू लागली तर हेच फुंकणं करून पाहा. बरेचदा एका फुंकरीने चव परत येते.

झुरका लांब ओढायचा नाही. दोन सेकंद पुरतात. धूर तोंडात घ्या, जिभेवरून फिरू द्या, सोडा. छातीत ओढायचा नाही. यामागे रसायन आहे. आंबवलेल्या सिगार-तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. छातीत ओढण्याची गरजच नसते. ओढलं तर खोकला आणि मळमळ येते.

चव खरी कळते ती नाकातून. धूर तोंडात असताना त्यातला बराचसा बाहेर सोडा, मग तोंड मिटून उरलेला थोडासा धूर नाकावाटे हळू बाहेर काढा. पहिल्या वेळी झणझणेल, डोळ्यांत पाणी येईल, म्हणून अगदी चिमूटभर धुरापासून सुरुवात करा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू, उमामी एवढंच कळतं. देवदार, चामडं, कॉफी, पहिल्या पावसाची माती हे सगळं नाकाचं काम. जे म्हणतात, ‘मला सगळ्या सिगार सारख्याच लागतात’, त्यातल्या बहुतेकांनी हे एकदाही केलेलं नसतं. प्रत्येक झुरक्याला करू नका, नाक थकतं. पंधरा-वीस झुरक्यांत तीन-चारदा पुरे.

सिगारचे तीन भाग करून लक्ष देण्याची पद्धत उपयोगी आहे. पहिल्या भागात रॅपर आणि पेटवण्याचा परिणाम जास्त असतो, तिथे घाईने मत बनवू नये. मधला भाग म्हणजे मिश्रण करणाऱ्याचं खरं म्हणणं. तिसरा भाग जड होतो. चांगल्या मध्यम सिगारमध्ये मिरी किंवा कोको वाढतो, पण जीभ ओरबाडली जात नाही. वहीत नावं लिहिताना दुसऱ्याच्या शब्दांमागे धावू नका. कुणी ‘चेरीचं लाकूड’ लिहिलं म्हणून तुम्हाला ते लागायलाच हवं असं नाही. ‘कोरडं’, ‘तुपकट’, ‘वहीच्या नव्या पानासारखं’ असं काहीही लिहा, पण ते तुमच्या तोंडात आलेलं असावं. दहा सिगारनंतर वही उलटून पाहिली की आपल्याला काय आवडतं ते स्वच्छ दिसतं.

बरोबर काय प्यावं, याबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. नव्या सिगारबरोबर मी फक्त पाणी घेतो. ओळख झाली की बिनसाखरेची कॉफी. तीव्र मद्य मध्यम अंगाच्या सिगारला दाबून टाकतं.

वाकडं जळण्याबद्दल विचारलंत. थोडं वाकडं जळणं काही झुरक्यांत आपोआप सरळ होतं. मागे राहिलेली बाजू खालच्या अंगाला फिरवून धरा, कारण खालून हवा मिळाली की तिथला निखारा जोर धरतो. पंख्याखाली किंवा वाऱ्यात बसला होतात का, हेही आठवा. वाऱ्याकडची बाजू नेहमी पुढे धावते. फरक अर्ध्या इंचाच्या वर गेला तरच मागची कड ज्योतीने हलकेच पेटवा. रोबुस्तोच्या दोन-तीन सिगार एकाच बाजूला, वारा नसतानाही वाकड्या जळाल्या तर मात्र तो वळणीचा दोष, आणि मग विकणाऱ्याला सांगायला हरकत नाही.

प्रकृतीबद्दल स्पष्ट बोललंच पाहिजे. धूर छातीत घेतला नाही म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही. तोंड, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जो तंबाखू घेत नाही त्याने आस्वादासाठी म्हणून ती सुरू करावी, असं मी कुणालाही सांगत नाही. माझं स्वतःचं प्रमाण आठवड्याला एक असं ठरलेलं आहे, आणि नुसती तलफ आली म्हणून मी सिगार पेटवत नाही. तलफेने ओढली की वेग वाढतोच. उपाशीपोटी ओढू नका. गरगरलं, घाम फुटला तर सिगार खाली ठेवा, काहीतरी गोड खा, पाणी प्या आणि बसून राहा.

आता तुमच्या उरलेल्या चार सिगार. आज उद्या एकही पेटवू नका. मिठाने मापक तपासा, चारही सिगार ६५ टक्क्यांच्या पाकिटाबरोबर डब्यात ठेवा आणि तीन आठवडे झाकण उघडू नका. मग जेवणानंतर, वारा नसलेल्या जागी, हाताशी तास-सव्वा तास मोकळा ठेवून एक ओढा, आणि निखारा तापला की खाली ठेवण्याचा नियम पाळा. अर्ध्यावरही बदामाचं गोडपण टिकलं तर तुमची सिगार चांगली आहे आणि पहिली वाया गेली ती ओलाव्याने आणि घाईने. तरीही कडू झाली तर आठवड्याने दुसरी ओढून पाहा, कारण हाताने वळलेल्या वस्तूत एक नग चुकीचा निघू शकतो. दोन्ही तशाच निघाल्या तर ते मिश्रण तुमच्यासाठी नाही. तेव्हा याच आकारात इक्वेडोर हबानो किंवा कॅमेरून रॅपरची एखादी मध्यम सिगार घ्या, एकच घ्या, खोकं नको. शेवटची दोन बोटं उरली की राखपात्रात ठेवून द्या. दाबून विझवू नका. दाबलेल्या सिगारचा वास खोलीत फार वेळ रेंगाळतो, आणि नुसती ठेवलेली सिगार काही मिनिटांत आपोआप शांत होते.